पांढऱ्यांची चाल

संघप्रियाकडे बुद्धिबळ शिकायला येणारी सगळी पोरं शाळकरी होती. त्यामुळे बाबूपेठेतल्या तिच्या खोलीच्या दारात एका दुपारी पन्नाशीचा, केसांत लाकडाचा भुसा अडकलेला माणूस उभा राहिला, तेव्हा तिला वाटलं, नातवासाठी चौकशी करायला आला असेल.

"नाई मॅडम," तो म्हणाला, "मलेच शिकाचं आहे."

त्याचं नाव गुलाम रसूल. चंद्रपुरात परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत त्याचं सुतारकामाचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. दारं, चौकटी, पलंग बनवणारा माणूस. बोटं इतकी जाड, की प्यादं उचलताना शेजारचं प्यादं हमखास आडवं व्हायचं. संघप्रिया विद्यापीठाच्या संघातून खेळलेली होती, नोकरी लागेपर्यंत शिकवण्या घ्यायची. मोठ्या माणसाला कधी शिकवलं नव्हतं, तरी ती हो म्हणाली.

रसूलभाऊ सावकाश शिकले. घोड्याची अडीच घरं त्यांनी पाटीवर खडूने काढून पाठ केली. पण त्यांचे प्रश्न निराळे असत. पोरं विचारायची, लवकर मात कशी द्यायची. हे विचारायचे, "मॅडम, समोरच्यानं चाल खेळली, तं त्याच्या मनात काय आहे हे कसं समजते? तो रागात आहे का खुश आहे, हे दिसते का?"

"थोडंफार दिसतं," संघप्रिया म्हणाली. "कोणासोबत खेळायचंय तुम्हाला?"

रसूलभाऊंनी पटावरची नजर काढली नाही. "भाईजानसोबत," ते म्हणाले. "ते नाई आता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आरिफभाई त्यांचे मोठे भाऊ, एसटीत कंडक्टर. बुद्धिबळाचं वेड. ड्युटी संपली की वरच्या खोलीत पट मांडून बसायचे आणि हाक मारायचे, "गुलाम, ये ना जरा, बस." हे म्हणायचे, हातातलं काम होऊ द्या. ते काम कधी झालंच नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आरिफभाई रिक्षात बसून दवाखान्यात गेले, ते घरी आले नाहीत. मय्यत घराकडे आणू दिली नाही. रसूलभाऊंनी लांबून, दोरीच्या पलीकडून भावाला माती दिली, म्हणजे दुसऱ्यांनी देताना पाहिली.

वरच्या खोलीत अर्धवट राहिलेला डाव तसाच होता. शमीमभाभींनी, म्हणजे आरिफभाईंच्या बायकोने, त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. या उन्हाळ्यात रसूलभाऊ फळ्या काढायला वर गेले, तेव्हा फळीचा धक्का लागून एक पांढरं प्यादं खाली पडलं. कुठल्या घरात होतं ते त्यांना आठवेना. अंदाजाने ठेवून दिलं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा वर गेले, तर पलीकडचा काळा वजीर जागा सोडून पुढे आलेला.

"मी चाल खेळलो असं त्याईले वाटलं," रसूलभाऊ म्हणाले. "त्याईनं जवाब देल्ला."

"घरातल्या कोणी हलवला असेल."

"कोण हलवन? पोरगा पुण्याले आहे. महेक, माही बायको, त्या खोलीत पाय ठेवत नाई. भाभी पुसाले जाते, पण तिले कुठी खेळता येते? मी उगीच एक प्यादं सरकवून पाह्यलं. तं फिरून जवाब आला."

त्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. जुना लाकडी पट, सोंगट्या अर्ध्याअधिक शिल्लक. संघप्रियाला सगळ्यात आधी दिसलं ते हे, की सोंगट्या लखलखीत होत्या. चंद्रपुरात खिडकीशी ठेवलेल्या वस्तूवर एका दिवसात काळी धूळ बसते. ती तसं बोलली नाही. मरणाऱ्याला भेटता न आलेल्या माणसाची समजूत आहे, हळूहळू निवळेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

पण पुढच्या फोटोंत काळ्यांच्या चाली येत गेल्या आणि तिला रात्रीची झोप नीट लागेना. त्या चाली आंधळ्या नव्हत्या. रसूलभाऊंचा उंट फुकट मिळत असताना काळ्यांनी तो मारला नाही, नुसता राजा एक घर मागे घेतला. जणू समोरच्याला सावरायला वेळ द्यायचा होता.

"असेच करत ते," रसूलभाऊ डोळे पुसत म्हणाले. "माह्यावर हात नाई उचलला त्याईनं कधी."

चाल सांगू नका, मला शिकवा, मी माझी खेळतो, असं त्यांनी तिला बजावलं होतं. तिनेही पाळलं होतं. मात्र एकदा त्यांचा डाव फारच अडचणीत आला. ते घाम पुसत फोटोकडे बघत राहिले. संघप्रियाला मात्र त्या फोटोत एक चाल दिसत होती, खेळाडूला वर्षातून एखाद्या वेळी दिसावी अशी. तिला राहवलं नाही.

"हत्ती द्या," ती म्हणाली. "या उंटावर मारा. जाऊ द्या हत्ती. मग बघा."

रसूलभाऊंनी घरी जाऊन तसं केलं.

त्यानंतर जवाब आला नाही. आठवडा गेला, आणखी एक गेला. रसूलभाऊ यायचे आणि पट न उघडता बसून राहायचे. "नाराज झाले," म्हणायचे. "काऊन झाले पण? एकदा तुम्ही येऊन पाहा ना मॅडम."

ती गेली. महेक बाजारात गेली होती. भाभींना ताप होता, आत पडून होत्या. रसूलभाऊ तिला वर घेऊन गेले आणि तेवढ्यात खाली गिऱ्हाइकाने हाक मारली म्हणून उतरले. संघप्रिया एकटी राहिली. खोलीत कंडक्टरचा खाकी सदरा खुंटीला होता, इस्त्री केलेला. कूलर बंद होता, तरी तिला अंगावर गार वाटलं. पटावर तिचा हत्ती होता, मेलेल्या उंटाच्या जागी उभा. त्याच्याकडे बघताना तिला पहिल्यांदाच वाटलं, की आपण आगंतुक आहोत, आणि खोलीला ते कळलंय.

"हात नका लावू," दारातून आवाज आला.

चौकटीला धरून एक बारीकशी बाई उभी होती. डोक्यावर ओढणी, डोळे तापाने लाल. संघप्रिया दोन पावलं मागे सरली.

"शमीमभाभी?" तिने विचारलं. आणि मग, घाबरलेली असूनही, रोज पुसल्या जाणाऱ्या लखलखीत सोंगट्या आठवून खेळाडूच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "काळ्या सोंगट्या तुमच्या आहेत ना?"

शमीमभाभी चौकट सोडून आत आल्या. मग खाली जमिनीवर बसल्या. त्या सावली तालुक्यातल्या, त्यांची मराठी चांगली होती.

"त्याईनंच शिकवलं मले," त्या हळू म्हणाल्या. "घरात कोणाले माहीत नाई. हा डाव आमचाच होता. त्याईची चाल राह्यली होती. पांढऱ्यांची. 'आल्यावर खेळतो' म्हणून गेले."

"मग?"

"मी रोज पुसत होती. अन् यंदा एका दिवशी पांढरं प्यादं पुढं आलेलं दिसलं." त्यांनी ओढणीचं टोक मुठीत धरलं. "डर लागला. मग मी वजीर खेळली. पाहू म्हटलं. तं फिरून त्याईची चाल आली. वाईट खेळत होते बाई. असं कधी खेळले नाईत. मी म्हटलं, बिमार माणूस आहे, इतक्या लांबून आले, विसरले असतील. मी संभाळून घेतलं. उंट मारला नाई. मग सुधरून राह्यले होते हळूहळू."

संघप्रियाला पुढचं ऐकायचं नव्हतं. तिने तरी विचारलं, "खेळायचं का सोडलं मग?"

"हा हत्ती." शमीमभाभींनी पटाकडे बोट केलं, बघितलं मात्र नाही. "हे त्याईचं नाई. त्याईले हत्तीचा लय जीव. हारतील, पण हत्ती देणार नाई. दुसरंच कोणी येऊन बसलं आहे त्याईच्या जागेवर. मी हात लावला सोंगटीले, तं हात थंडा पडला माहा. तेव्हापासून ताप आहे."

संघप्रियाच्या मनात आलं, गप्प बसावं आणि निघून जावं. पण ही बाई आजारी पडली होती, आणि ते तिच्यामुळे.

"ती चाल माझी आहे, भाभी," ती म्हणाली. "मी शिकवणी घेते. मी सांगितली होती."

"कोणाले सांगितली?"

उत्तर द्यावं लागलं नाही. रसूलभाऊ जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. शमीमभाभींनी मान वळवून दिराकडे पाहिलं, त्यांच्या जाड बोटांकडे पाहिलं, मग पटाकडे.

"भाभी, तुम्ही?" रसूलभाऊ म्हणाले.

"अन् तू," त्या म्हणाल्या.

खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं. शमीमभाभी भिंतीला टेकल्या, आणि रडवेल्या नव्हे, तर हिशेब लागल्यासारख्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ते आलेच नव्हते."

रसूलभाऊ तिथेच पायरीवर बसले आणि मोठमोठ्याने रडू लागले. दोरीपलीकडून माती पाहिली त्या दिवशी ते रडले नव्हते, असं महेकने नंतर सांगितलं. संघप्रिया त्यांच्या बाजूने अंग चोरून जिना उतरली. तिला कोणी थांबवलं नाही.

त्यानंतर कित्येक दिवस तिला शिकवताना कोणाला चाल सांगवेना. पोरं अडली की ती नुसती बघत बसायची. एका घरातून माणूस दुसऱ्यांदा गेला आणि या वेळी आपण नेला, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. खरं सांगितलं नसतं तर? दोघंही सुखात राहिली असती. पण भाभींचा ताप? तिला ठरवता आलं नाही.

थंडी पडल्यावर रसूलभाऊ आले. बारीक झाले होते, केस मात्र विंचरलेले. पुन्हा शिकवणी लावायची म्हणाले.

"भाभी बऱ्या आहेत?" तिने विचारलं.

"बऱ्या आहेत. पहिले महिनाभर बोलल्या नाईत माह्याशी. मग एका दिवशी आंगणात पट घेऊन आल्या, मांडला, म्हणे बस. आता रोज असरची नमाज झाल्यावर खेळतो आम्ही. महेक चहा आणून ठेवते, पण बसत नाई." ते थोडं हसले. "बोहोत मारतात मले. म्हणतात, त्याईनं शिकवलं तसं खेळ नाई तं शिकून ये. म्हणून आलो."

"आणि तो डाव? वरचा?"

"भाभीनं उचलून ठेवला. खोलीत आता नुसत्या फळ्या आहेत." ते थांबले. "पहिले वर जाले डर लागे, मॅडम. आता डर नाई. पण मन नाई होत जाले. तवा कोणी तरी होतं."

संघप्रियाने पट मांडला. पांढऱ्या सोंगट्या त्यांच्याकडे केल्या. रसूलभाऊंनी राजासमोरचं प्यादं सरकवलं, शेजारचं आडवं न पाडता. तिने उत्तर दिलं. त्यांनी घोडा काढला आणि हात मागे घेतल्यावर पटाकडे बघायचं सोडून उजवीकडच्या रिकाम्या भिंतीकडे पाहत राहिले. दुसऱ्या चालीनंतरही तसंच. तिसऱ्याला संघप्रियानेही नकळत तिकडे वळून पाहिलं.

"कोणी आहे का, रसूलभाऊ?" तिने हळूच विचारलं.

"नाई," ते म्हणाले. "तेच पाहून राह्यलो."