ब्रेकवाल्याचं भूत

जंगलातून लाकडं वाहणारी छोटी रेल्वे बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिचा उरलेला एक डबा जावयाने विकत घेतला, त्यात उपाहारगृह थाटलं आणि मोठ्या हौसेने सासूबाईंना ते बघायला आणलं. त्यांचे यजमान याच गाडीवर ब्रेक आवळायचे. एकदा उतारावर ओंडके घसरले आणि यजमान त्यांच्याखाली सापडून गेले.

आत पाहुणे जेवत होते. कोपऱ्यात एक पुतळा होता, तोंडाला रक्तासारखा लाल रंग फासलेला. डोक्यावर यजमानांची टोपी होती, सासूबाईंनी लेकीकडे जपायला दिलेली.

"ब्रेकवाल्याचं भूत अजून इथे फिरतं बरं का!" जावई रंगात येऊन सांगत होता. एका पाहुण्याने पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला.

सासूबाई पुतळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, लोकांना आवडतं असलं," जावई कुजबुजला.

"मुकादमाने आधी सगळे ओंडके परत गाडीत भरून घेतले आणि मग ह्यांना उचललं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तेही सांगा की, जावईबापू. आवडेल लोकांना."

मग त्यांनी पुतळ्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली, तिला लागलेला लाल रंग रुमालाने खसाखसा पुसला आणि जावयाच्या मोटारीकडे न बघता त्या पायीच घरी निघाल्या.