टेबल हललं नव्हतं

मी वामन. तारापूरच्या एका कारखान्यात धातू तपासतो. गावात लोक मला शास्त्रज्ञ म्हणतात आणि मी कुणाला अडवत नाही. तिथंच घात झाला.

बायको चंद्रकांता उमरोळीच्या शाळेत शिकवते. तिच्या पोरांना दाखवायला मी साहेबांच्या परवानगीनं काडेपेटीतल्या काडीएवढी एक कांडी नेली. निकेल, मँगनीज आणि गॅलियमची. बाजूनं जोरकस चुंबक धरलं की ती जराशी लांबते. तिच्यापासून औषधाचे थेंब सोडणारा, मोटर नसलेला पंप करायचा साहेबांचा बेत आहे. पट्टीवर ठेवून लांबवून दाखवली, पोरं ओरडली आणि मला चेव आला.

"हिला आठवण असते! चुंबक काढलं की आपोआप पहिल्यासारखी होणार."

चुंबक काढलं. कांडी ढिम्म. टिचकी मारली, तरी ढिम्म. शेवटी पारू नावाची पोरगी म्हणाली, "सर, ही विसरली." अख्खा वर्ग हसला. माझं डोकं सणकलं आणि मी चंद्रकांतावर खेकसलो, "तू टेबल हलवलंस!" तिच्याच वर्गात. टेबल सागवानी, दोन शिपायांनाही न उचलवणारं.

त्याच संध्याकाळी ती सफाळ्याला माहेरी गेली, आणि शाळेत तिथूनच जायला लागली. चार दिवस मी फोन केला नाही. येईल आपोआप, म्हटलं.

पाचव्या दिवशी साहेबांनी माझी अक्कल काढली. तापवलं की आपोआप पहिल्या आकारात येते ती धातूची दुसरी जात, ही नव्हे. मी दोन धडे एकात कालवले होते. घरी आई, गोदूबाई, सुके बोंबील निवडत बसली होती. तिच्यापाशी कुरकुरलो, "चुंबक काढलं तरी ती कांडी लांबलेलीच, ताठ राहते. मग पहिल्याला आडवं चुंबक धरावं लागतं, तेव्हा मागे येते."

"म्हंजे तुज्यासारकीच हाय," आई म्हणाली. "कोनी आडवं आल्याबिगर वळायची नाय."

झोंबलं. लग्नापासून मीच आईला सांगत आलोय, आमच्यात आडवी येऊ नकोस. आता ती उठली आणि खरंच स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली. "जेवान नाय. सपाळ्याला जा आदी."

वाटेत भाषण जुळवलं: कामाचा ताण, धातूची गुंतागुंत, पोरांचा गोंगाट. दार चंद्रकांतानंच उघडलं. डोळे सुजलेले होते. भाषण गेलं चुलीत.

"टेबल हललं नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी होती."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पारूला माहीत नाही."

"उद्या येतो वर्गात. सगळ्यांसमोर सांगतो."

"आपोआप आलात?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचा फार मोह झाला.

"नाही. आई आडवी आली."

तेव्हा कुठं ती हसली, आणि पिशवी भरायला आत गेली.