पाण्याची पाळी आणि सुई

गिरणीवाल्याचं कुत्रं थोरल्या भावजींना दुसऱ्यांदा चावलं, तेही त्याच पोटरीला. नळाखाली पाय धरून साबणाने धुताना जाऊबाईंचा तोंडाचा पट्टा सुरू होता.

"अगं, ओरखडा आहे नुसता."

"गेल्या सालीही ओरखडाच होता."

चावून पळालेलं कुत्रं पुन्हा कुणाला दिसलं नाही, म्हणजे पिसाळलेलंही असू शकत होतं. सोबतीला मीही दवाखान्यात गेले.

नर्सबाईंनी विचारलं, "मागच्या वेळी सगळी इंजेक्शनं पुरी केली होती? केली असतील तर आता दोनच. नसतील तर पहिल्यापासून, शिवाय जखमेतही टोचावं लागेल."

जखमेत म्हटल्यावर भावजींनी पाय आखडला. "सगळी केली."

जाऊबाई पिशवीचा बंद पिळत उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. चारचौघांत नवऱ्याचा शब्द त्यांनी कधी खोडला नव्हता. मला वाटलं, आताही गिळणार.

"एकच घेतलं," त्या म्हणाल्या. "नंतर दरवेळी दवाखान्यात जातो म्हणून निघाले आणि शेतात पाणी देत बसले. घरी यायचे ते चिखलाच्या पायांनी. इकडच्या वाटेवर तर नुसती धूळ आहे."

भावजी ओशाळले. "पाण्याची पाळी नेमकी त्याच दिवशी यायची. कांदा वाळला असता."

"आणि तुम्हाला काही झालं असतं, तर तो कांदा मी कुणासाठी काढला असता?"

नर्सबाईंनी सुई भरली. जखमेत टोचताना एवढा मोठा बाप्या बायकोचं मनगट धरून बसला होता.

पुढे घरात कुणाला स्वस्थता नव्हती. जाऊबाई उठताबसता त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरायच्या, पाण्याला भितात का ते बघायला. भावजींनाही ते कळत होतं. चिडून पेला रिकामा करत म्हणायचे, "गुरांनाही एवढं पाजत नाहीस."

पुढच्या सुईच्या दिवशी पाटाला पाणी आलंच. भावजी दवाखान्याचं नाव सांगून निघाले आणि वळणावरून गुपचूप शेताकडे वळले. बांधावर येऊन बघतात तर आम्ही दोघी जावा आधीच चिखलात. जाऊबाई फावड्याने एका वाफ्याचं तोंड बुजवून दुसऱ्याचं उघडत होत्या.

"तुला नाही जमायचं ते."

"निम्मं रान भिजलं," मान वर न करता त्या म्हणाल्या. "निघा, दवाखाना बंद होईल."

भावजींनी काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या. मग गेले.

दुपारी परत आले ते न विचारताच बाही वर करून. दंडावरचा कापूस दाखवला आणि मग आपण होऊन पायही पुढे केले. पायांवर नुसती धूळ होती.