मयुरीचं मत

"मला नाही पटलं, सर. तिनं सांगायलाच पाहिजे होतं." मयुरीनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

शनिवारची सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. सुरतेच्या डिंडोली भागातल्या या मराठी शाळेत बन्सीलाल सव्वीस वर्षं क्लार्क होते. ग्रंथालयाला वेगळा माणूस नसल्यामुळे पुस्तकांच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच असायची. दर शनिवारी नववीची तीन-चार मुलं ऑफिसात बसून वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलत. या वेळी युद्धाची कादंबरी होती. शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या कचेरीत एक बाई काम करते. एका संदेशातून तिला कळतं, की आपली बहीण राहते त्याच गावावर बॉम्ब पडणार आहेत. पण गाव रिकामं केलं, तर आपले संदेश कोणीतरी वाचतंय हे शत्रूला समजेल. म्हणून ती गप्प राहते.

"पहिली पन्नास पानं एकदम बोअर," भूपेंद्र म्हणाला. "पछी मजा आवी. पण ती बोलली असती तर लढाई हरले असते ने, सर?"

"मला तिचं ऑफिस आवडलं," चंचल म्हणाली. "सगळ्या बायका डोकं लावून काम करतात, आणि कोणी म्हणत नाही, जा, चहा टाक."

सगळे हसले. मयुरी हसली नाही.

"लढाईचं राहू दे. बहीण वाचली असती की नाही, तेही राहू दे. पण गाव तिचं, घर तिचं. मग तिलाच माहीत नको? सर, तुम्ही काय केलं असतं?"

बन्सीलाल उगाच कागद सारखे करू लागले.

त्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधीच, मयुरीचा बाप भटू त्यांच्याकडे येऊन गेला होता. चौदा वर्षं ज्या लूमवर त्यानं काम केलं, तो कारखाना मालकानं विकून टाकला होता.

"बन्सीनाना, पोरनी एलसी काढी ठेवा. परीक्षा व्हयनी का आम्ही गावले चालनूत."

"गावले शाळा कितवीलोंग शे?"

"आठवीलोंग."

"मंग मयुरी?"

भटूनं रुमालानं तोंड पुसलं. "तिनी मायसंगे वावरमा जाई. पन आते तिले सांगू नका, नाना. सांगं तं पेपर लिखाव नही ती."

तिला माझ्याकडे ठेव, असं बन्सीलालांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरात दोन खोल्या, त्यात मुलगा, सून, दोन नातवंडं. ते एवढंच म्हणाले, "नही सांगाव."

मुलं निघाली तेव्हा त्यांनी मयुरीला थांबवलं आणि दिलेला शब्द मोडला. कारखाना, एलसी, गाव, सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून कपाटाकडे बघत राहिले.

"माहीत आहे, सर."

"भटू बोलला?"

"नाही. मम्मी गोदड्या बांधून ठेवतेय. आणि पप्पा रोज विचारतात, पेन आहे ना, पॅड आहे ना. याआधी कधीच नाही विचारलं." टेबलावरचा स्टेपलर तिनं उघडला, मिटला. "रोज वाटतं, आज सांगतील."

"मी मोठ्या सरांशी बोलतो. तुझी कुठं सोय..."

"होईल?"

याआधी कितीतरी मुलांसाठी बन्सीलाल मोठ्या सरांच्या टेबलासमोर उभे राहिले होते, आणि दर वेळी परत येऊन दाखला लिहिला होता.

"मला कळलंय, हे पप्पांना सांगू नका," ती दारातून म्हणाली. "परीक्षेपर्यंत कसं तरी धरून ठेवलंय त्यांनी. राहू दे."

ती जिना उतरून गेली. खिडकीतून फाटक दिसत होतं. बाहेर भटू सायकल घेऊन उभा होता. त्यानं तिचं दप्तर घेऊन हँडलला अडकवलं आणि काहीतरी विचारलं. मयुरी हातवारे करत बराच वेळ काही सांगत राहिली, मग दोघंही हसले. निघता निघता भटूनं वर खिडकीकडे पाहिलं आणि हात जोडले.

बन्सीलालांनीही जोडले.