घरातलीच कविता

लेखिकाबाई जेवणाच्या टेबलावर नव्या कादंबरीची मुद्रितं तपासत बसल्या होत्या. नावावर चार कादंबऱ्या आणि कवितांची तीन पुस्तकं होती, तरी गॅसवरच्या दुधाकडे लक्ष त्यांनीच ठेवायचं. घरात लग्न निघालं की त्यांनी कविता करायची आणि सगळ्यांसमोर वाचायची, अशी घराची रीतच पडून गेली होती. या खेपेला लग्न पुतणीचं होतं. सगळे तिला ठकू म्हणत. आई नोकरीवर जायची, म्हणून ठकू काकूच्याच अंगाखांद्यावर वाढली, काकूच्या कविता ऐकत झोपली.

ठकूची आई, म्हणजे धाकटी जाऊ, समोर येऊन बसली आणि उगाचच टेबल पुसत राहिली. मग आडून आडून म्हणाली, की कविता ताईंनी करावीच, पण वाचेल दुसरं कोणी. भाऊजींना जाऊन वर्षही झालं नाही. अशात ताईंनी पुढे आलेलं व्याह्यांकडच्यांना चालणार नाही.

लेखिकाबाईंचं डोकंच फिरलं. विधवेला मागे सारणाऱ्या याच रूढीवर त्यांनी अख्खी कादंबरी लिहिली होती, सभा गाजवल्या होत्या. वाचेन तर मीच, नाहीतर कविता मिळणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

संध्याकाळी ठकूने मागून येऊन गळ्यात हात टाकले. "काकू, माझ्यासाठी. एकच दिवस."

तिथे बाई विरघळल्या.

लग्नाच्या दिवशी त्या हॉलमागच्या खोलीत, आहेराच्या खोक्यांमध्ये बसून होत्या. बाहेर नात्यातली एक बाई त्यांची कविता अडखळत वाचत होती. टाळ्या पडल्या. कोणी केली म्हणून कुणीतरी विचारलं, तर जाऊ म्हणाली, "घरातलीच आहे."

ते ऐकलं आणि त्या उठल्या. ठकू सासरी निघायला दारात उभी होती. लेखिकाबाई गर्दीतून सरळ तिच्यापाशी गेल्या, आणि आशीर्वादासाठी त्यांनी हात उचलला.

ठकूच्या सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. ती पाहून ठकू एक पाऊल मागे सरकली.

"काकू, आत्ता नको ना," ती हळूच म्हणाली.

हात खाली आला.

लेखिकाबाईंच्या पुस्तकांत ही रूढी चालवणारी माणसं नेहमी दुष्ट असत. वाचकहो, ठकू दुष्ट नव्हती. तिचा काकूवर फार जीव होता. तिथे जमलेले आपण सगळेही भलेच होतो. तो हात धरून ठकूच्या डोक्यावर मात्र कुणीच ठेवला नाही.