एकोणिसाव्या ताऱ्याचं सोडियम

माझी धाकटी जाऊ कामावरही माझ्या समोरच्याच टेबलावर बसते. या नोकरीसाठी तिचं नाव मीच सुचवलं होतं, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? काम दोघींचं एकच. एका गोलाकार तारकागुच्छातले म्हातारे, फुगलेले तारे घ्यायचे आणि त्यांच्या प्रकाशपटातल्या काळ्या रेघा मोजायच्या. त्यावरून ताऱ्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते निघतं. एकमेकींचे आकडे बघायचे नाहीत, हा नियम. दोघींच्या मोजण्यात थोडा फरक पडतोच, पडायलाच हवा.

आमच्यात तो पडेना. लोखंडाचं मी समजू शकते, ते गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांत जवळपास सारखंच असतं. पण सोडियम ताऱ्यागणिक बदलतं, आणि तेही जुळत होतं! माझ्या मनात पाल चुकचुकली. मी चहाला उठले की ही माझ्या स्क्रीनवर डोकावते की काय? घरीसुद्धा माझी भाजी चाखून मगच स्वतःच्या भाजीत मीठ घालते.

मग मी एकोणिसाव्या ताऱ्याचं सोडियम मुद्दाम दुप्पट लिहिलं आणि फाइल उघडी टाकून जेवायला गेले.

सोमवारी प्रमुखांनी दोघींना बोलावलं.

"एकोणिसाव्यात तुमचं सोडियम यांच्या निम्मं आहे," ते जावेला म्हणाले. "या आठ वर्षं मोजतायत. नोकरी कायम व्हायच्या वेळेला असला हलगर्जीपणा?"

"सर, मी तीनदा मोजलंय." तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, तुम्ही तरी सांगा ना."

म्हणजे तिने ढापलं नव्हतं. खरं सांगते, ती सापडली नाही म्हणून मला आधी रागच आला आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेघ मोजायला तिला मीच शिकवलं होतं; तिचा हात माझ्यासारखा पडणारच, एवढंही मला सुचू नये? गप्प बसले असते तर तिची नोकरी गेली असती.

"तिचा आकडा बरोबर आहे, सर. माझा मी मुद्दाम चुकवला. ती माझं बघून लिहिते का, ते पाहायचं होतं."

प्रमुखांनी कपाट उघडून जुन्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर काढला.

"आणखी किती आकडे असे चुकवलेत?"

"एवढाच."

"हे मी कशावरून मानू?" त्यांनी माझ्या आठ वर्षांच्या वह्या जावेपुढे सरकवल्या. "हे सगळे तारे आता तुम्ही पुन्हा मोजा."

वह्या उचलून आम्ही बाहेर आलो. दारापाशी ती थांबली.

"ताई, घरातही कधी असं काही करून पाहिलंत का माझ्यावर?"

मी नाही म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही.