ओट्सच्या मागचे लाडू

आमच्या दुकानात ऋतू बाहेरच्यापेक्षा आधी येतात. मुलुंडच्या रस्त्यावर माणसं घाम पुसत चालत असतात, तेव्हा आमच्याकडे आकाशकंदील लागलेले असतात. होळी व्हायच्या आत थंडाईच्या बाटल्यांशेजारी आंब्याच्या वड्या येऊन बसतात. इथे कामाला लागल्यापासून मी कॅलेंडर बघायचंच सोडलंय. काचेचं दार ढकलून आत यायचं आणि वास घ्यायचा, की कुठला महिना चाललाय ते कळतं.

जानेवारीत तिळाचा वास. छताला कागदी पतंग टांगतात, एसीच्या वाऱ्यावर ते हलतात आणि कुठेच जात नाहीत. दुपारी गर्दी ओसरली की काचेतून येऊरचा डोंगर धुरकट दिसतो, ट्रॉल्या न बोलता सरकतात आणि गिऱ्हाइकांना नमुने चाखायला ठेवतात त्या टेबलामागे उभ्या उभ्या माझी अर्धी झोप होते. त्या झोपेत गिऱ्हाइकांचं बोलणं लांबून आल्यासारखं ऐकू येतं. ही चिक्की फार चिकट. मागच्या वर्षीचा हलवा बरा होता. गुळपोळी आणि तीही पाकिटात? काय दिवस आले बघा! मला ते ऐकायला आवडतं. माणसं खाण्याबद्दल बोलताना खोटं बोलत नाहीत, असं मला तेव्हा वाटायचं.

यंदा त्या टेबलावर माझेच लाडू होते. आमचा मॅनेजर चैतन्य म्हणाला होता, "नीलमताई, तुम्ही घरचे आणून ठेवा. चालले तर दर सणाला तुमच्याकडूनच घेऊ. लोक काय म्हणतात तेवढं मला सांगा." मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: शेवंतीबाईंचे तिळाचे लाडू.

शेवंतीबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते तेव्हा लग्न होऊन मुंबईत आल्या आणि तेव्हापासून या शहराच्या खाण्याला नावं ठेवत राहिल्या. मी दुकानातून काहीही आणलं तरी त्याचा पाणउतारा झाल्याशिवाय ते डब्यात जात नसे. गणपतीतले माव्याचे मोदक बघून विचारायच्या, "ह्यो मोदक काय साबण?" जिभेला हाड नाही म्हाताऱ्या बाईच्या, असं मी मनात शंभरदा म्हटलं असेल.

मग दिवाळीत नितेशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसची माणसं घरी आली. मी दुकानातला तयार फराळ बशांत मांडला होता. सासूबाईंनी चकली मोडली, चावली आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ह्या चकलेक काटे आसत, पण चव नाय." पाहुणे हसले. नितेश नाही हसला. ते गेल्यावर तो म्हणाला, "आई, कधीतरी गोड बोल ना गं. दर वेळी लाज काढतेस आमची!"

सासूबाई बशा उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशीपासून त्या गोड बोलायला लागल्या. चहा कसा झालाय? छान. आमटी? छान. करपलेली भाकरीसुद्धा छान. घरात कुणी कुणाला लागेलसं बोलत नव्हतं आणि घर असं गप्प झालं होतं, की जेवताना ताटांचाच तेवढा आवाज यायचा. नितेशला वाटलं, आई सुधारली. मला ती भांडखोर बाई परत हवी होती. दुसरं काही नको होतं. चैतन्यला मी लाडवांना हो म्हटलं, तेही मनात हाच डाव धरून. तिच्या पद्धतीचा लाडू मी माझ्या हातांनी करायला घेतला, तर ती गप्प बसणारच नाही, असं मला वाटलं होतं.

पण ती बसली की गप्प. मी तीळ भाजत होते, तेव्हा सासूबाई बाजूलाच उभ्या होत्या. पाक पुढे चाललाय हे मलाही दिसत होतं, किती पुढे ते कळत नव्हतं. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीतून डोंगर बघत होत्या. पहिला लाडू त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बराच वेळ तोंडात घोळवला, खिडकीकडे बघत. "छान," म्हणाल्या.

दुकानात मी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवून म्हणत होते, "तिळगूळ घ्या, गोड बोला." आणि माणसं इतकी गोड बोलली, की काय सांगू! एक गुजराती बेन "बहु सरस" म्हणून माझा हात दाबून गेली. एका आजोबांना आपली आई आठवली. कानात इअरफोन घातलेल्या एका मुलीने "ऑसम" म्हणून अंगठा दाखवला. ही सगळी गोड मतं तिळाच्या वासाबरोबर वर पतंगांपर्यंत जाऊन तरंगतायत, असं मला त्या दुपारी वाटलं. मी सुखात होते.

"सगळ्यांना आवडले," मी चैतन्यला सांगितलं.

"झकास. मग विकत कुणीच कसं घेत नाहीये ताई?" त्याने विचारलं.

सुटायच्या आधी रॅक लावायला मी ओट्सचं एक पाकीट पुढे ओढलं. मागे एक लाडू होता, अर्धा खाल्लेला. मी शेजारचं पाकीट सरकवलं. तिथे आणखी एक. मग मी वेड्यासारखी शोधत सुटले. केचपच्या बाटल्यांमागे होता. झाडूंच्या डब्यात होता. एक तर चहाच्या बरणीवर नीट ठेवला होता, त्यावर फक्त दातांची खूण. सगळे गोळा करून मी पिशवीत भरले आणि त्या पतंगांखाली उभी राहिले.

माझ्या अकलेची कमाल म्हणायची. तिळगूळ खाल्ल्यावर कुणी वाईट बोलतं का? वर्षभर तोंड न बघणाऱ्या जावासुद्धा संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एकमेकींशी गोड बोलतात. आणि मी हातावर तिळगूळ ठेवून, वर गोड बोला म्हणून बजावून, लोकांना मत विचारत होते! बिचारे काय करतील? गोड बोलले आणि लाडू लपवून गेले.

घरी आले तेव्हा सासूबाई ओट्याशी लसूण सोलत होत्या. खिडकीतून शेवटचं पिवळं ऊन ओट्यावर पडलं होतं. मी पिशवी त्यांच्यासमोर उलटी केली.

"ह्ये खय गावले?" त्यांनी विचारलं.

"ओट्सच्या मागे. झाडूंच्या डब्यात. लोकांनी छान म्हटलं आणि टाकून दिले."

त्या एकेक अर्धा लाडू उचलून उन्हात धरून बघायला लागल्या. मग जरा दबक्या आवाजात म्हणाल्या, "पाटी कसली लावली होतंस?"

"शेवंतीबाईंचे तिळाचे लाडू."

"माझ्या नावान?"

"मग कुणाच्या? लाडू तुमचेच ना, आई?"

त्यांनी एक लाडू ओट्याच्या कडप्प्यावर आपटला. टक् असा आवाज झाला. लाडवाला काही झालं नाही. आम्ही दोघी त्या लाडवाकडे बघत राहिलो, आणि मला कळलं की आता काहीतरी फुटणार आहे.

"नीलम, ह्यो लाडू काय खडपावरचो कालव? फोडूक कोयती होयी! माझ्या नावान लोकांका धोंडे वाटलंस? तीळ मोठ्या आचेर भाजलंस, कडू झाले. पाक पाण्यात टाकून बघलंस काय? नाय! आणि मी बाजूक उभी होतंय, माका इचारूक काय झाला होता?"

"तुम्ही छान म्हणालात!" मीही ओरडले.

"छान काय, कोणय म्हणता!"

मला रडू आलं आणि हसूही आलं. त्या बोलतच राहिल्या. माझं शेंगदाण्याचं कूट, माझी कढई, माझ्या आईने मला काय शिकवलं, सगळं निघालं. एरवी माहेरावर आल्या असत्या तर मी ऐकून घेतलं नसतं. त्या संध्याकाळी मात्र, उन्हात बसून कुणी डोक्याला तेल लावून द्यावं, तसं ते मी अंगावर घेत होते. बोलता बोलता त्यांनी पदर खोचला आणि नवा गूळ चिरायला घेतला. तीळ मंद आचेवर तडतडायला लागले. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात पडला, त्याची मऊ गोळी झाली आणि त्यांनी ती मला बोटांनी दाबून बघायला लावली. गरम गरम वळताना आम्हा दोघींचे तळवे लाल झाले. उद्या टेबलावर फक्त "चव बघा" म्हणायचं, हे मी ठरवून टाकलं.

नितेश कामावरून आला तो आईचा चढलेला आवाज ऐकून दारातच थांबला. पायातले बूटही त्याने काढले नाहीत. सासूबाईंनी त्याला बघितलं आणि त्या एकदम गप्प झाल्या.  आता पुन्हा छान, असं मला वाटलं.

पण त्यांनी परातीतला एक लाडू उचलला आणि जाऊन त्याच्या हातावर ठेवला. तिळगूळ घे म्हणाल्या नाहीत, गोड बोल म्हणाल्या नाहीत. नुसत्या समोर उभ्या राहिल्या.

नितेशने लाडू तोंडात टाकला. "छान," तो घाईघाईने म्हणाला.

"छान नको माका. नीट चावून सांग."

त्याने चावला. डोळे मिटून, सावकाश, लहान मूल खातं तसा. "वेलची कमी आहे," तो म्हणाला. मग बूट काढायला वाकला. "आणि दिवाळीच्या त्या चकलीलाही चव नव्हती, आई."

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या आणि वेलचीच्या डब्यासाठी माझ्यापुढे हात केला.